सारखे आणि जास्त सारखे
(सामी मिखाएल या हिब्रू कादंबरीकाराविषयी)

हिब्रू म्हटलं की आपल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक बायबल आणि दुसरा रणगाडा. या दोन्हींच्या मधे माणसं राहतात हे कुणी सांगत नाही. रस्ते खोदणारी, बागेत रोजावर जाणारी, पत्र्याच्या खोपटात शिरलेलं पाणी उपसणारी माणसं. आणि तीही ज्यूच. ज्यूंच्याच राज्यात, ज्यूंच्याच हाताखाली, खालच्या पायरीवर बसवलेली. त्यांच्यातला एकजण वयाची सत्तेचाळीस वर्षं उलटल्यावर, आपल्या आईच्या नव्हे तर मालकाच्या भाषेत पहिली कादंबरी लिहितो आणि तिला नाव देतो 'शावीम वे-शावीम योतेर'. म्हणजे 'सारखे आणि जास्त सारखे'. साल १९७४. नाव त्याने ऑर्वेलच्या १९४५ च्या प्राण्यांच्या गोष्टीवरून उचललंय. नावातच त्याने मालकाला आरसा दाखवलाय. तुमच्या कायद्यात सगळे सारखे, तर मग आम्ही कमी सारखे कसे?

हा माणूस म्हणजे सामी मिखाएल. १९२६ साली बगदादमधे जन्मला, १ एप्रिल २०२४ ला हैफात वारला. सत्त्याण्णव वर्षं जगला. आपल्याकडे परदेशी साहित्यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना हे नाव सापडलं नाही. त्यांना सापडतात ते पॅरिसच्या कॉफीच्या टेबलावरचे लेखक. त्यांचं त्यांच्यापाशी. आपण आपल्या कामाचा माणूस शोधू.

आधी जगणं बघू, कारण या माणसाचं जगणं बाजूला ठेवून कादंबरीचा 'आकृतिबंध' तपासत बसणं म्हणजे जेवणाऱ्याला न बघता ताटाची नक्षी बघणं.

मिखाएलचं जन्माचं नाव कमाल सालाह. भाषा अरबी. बगदादच्या ज्यूंना आपण अरबांपेक्षा वेगळ्या मुलखाचे आहोत असं वाटायचं कारण नव्हतं, ते तिथे अडीच हजार वर्षं राहत आलेले. पण १९४१ च्या जूनमधे बगदादमधे ज्यूंच्या वस्तीवर हल्ला झाला. त्याला 'फरहूद' म्हणतात. दोन दिवसांत शंभराच्या वर ज्यू मारले गेले, दुकानं लुटली, घरं फोडली. पोरगा तेव्हा चौदाचा होता. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक, आपल्या जातीच्या कळपात शिरून दार लावून घ्यायचं. दुसरी, ज्या व्यवस्थेतून ही आग निघाली तिच्या मुळाला हात घालायचा. पोरगा भूमिगत कम्युनिस्ट पक्षात गेला. तिथे मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते. १९४८ साली पकड वॉरंट निघालं. तो सरहद्द ओलांडून इराणात पळाला, आणि १९४९ साली इस्रायलात पोचला.

लक्षात घ्या, तो देवाने दिलेल्या भूमीच्या ओढीने गेला नाही. तो फासाच्या दोरीपासून पळत गेला. हा फरक त्याच्या सगळ्या लिखाणात उतरलाय. ज्याला मायभूमीने हाकललं आणि नव्या भूमीने वाकडा डोळा करून घेतलं, तो माणूस कुठल्याच झेंड्याखाली डोळे मिटून उभा राहत नाही.

हैफात तो अरबी वस्तीत, वादी निसनासमधे राहिला. एमिल हबीबी हा मोठा पॅलेस्टिनी लेखक आणि कम्युनिस्ट पुढारी. त्याने याला 'अल्-इत्तिहाद' या पक्षाच्या अरबी वर्तमानपत्रात बोलावलं. तिथे तो 'समीर मारिद' या नावाने अरबीत लिहायचा. अरबांच्या पत्रात लिहिणारा ज्यू. पण स्तालिनच्या राज्याविषयी जे कळत गेलं ते त्याच्या घशाखाली उतरेना. १९५५ साली तो पक्षातून बाहेर पडला. मग पोटासाठी सरकारी जलमापन खात्यात लागला आणि पंचवीसेक वर्षं तिथे राहिला. उत्तरेच्या सरहद्दीवर झरे, विहिरी, ओढे यांचं पाणी मोजत हिंडायचं. म्हणजे आपला हा लेखक कुणाच्या फेलोशिपवर वाढलेला नाही. कामावरून आल्यावर जो वेळ उरतो त्या वेळातला तो लेखक.

आता पहिली कादंबरी.

इराकी ज्यूंची मोठी लाट १९५०-५१ साली आली. इराक सरकारने १९५० च्या मार्चमधे कायदा केला की जायचं त्याने नागरिकत्व सोडून जावं, आणि १९५१ च्या मार्चमधे जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसं विमानांनी नेली. त्यात दुकानदार होते, कारकून होते, डॉक्टर होते, हमालही होते. इस्रायलात उतरल्यावर त्यांना 'माबारा'त टाकलं. माबारा म्हणजे तात्पुरती छावणी. तंबू, पत्रे, कापडाच्या भिंती. १९५१ च्या अखेरीला अशा छावण्यांत दोन लाखांवर माणसं होती आणि त्यात अरब मुलखातून आलेलेच फार. युरोपातून आलेल्या ज्यूंना, म्हणजे अश्केनाझींना, छावणीतून बाहेर पडायला ओळखी होत्या, नातेवाईक होते, कचेरीत बसलेला माणूस त्यांच्याच भाषेतला होता. पूर्वेकडच्यांना, म्हणजे मिझराहींना, तसलं कुणी नव्हतं. तात्पुरतं म्हणून टाकलेले वर्षानुवर्षं तिथेच राहिले. 'तात्पुरतं' या शब्दाचा अर्थ गरिबाला विचारा.

कादंबरीचा नायक डेव्हिड हा असाच छावणीतला पोरगा. सगळ्यात जास्त लक्षात राहते ती विमानतळावरची वेळ. देशात आलो म्हणून चांगले कपडे घालून माणसं उतरतात आणि त्यांच्या अंगावर डीडीटी फवारतात. ढेकणांवर फवारतात तसं. बगदादच्या घरात ज्याचा शब्द खाली पडत नव्हता तो बाप पोरांच्या देखत पांढऱ्या पावडरीत न्हाऊन निघतो. इथून पुढे तो बाप वाकत जातो. काम मिळत नाही, मिळालं तर हातापायाचं मिळतं. भाषा येत नाही, म्हणून अक्कल नाही असं समजलं जातं. बापाचा कणा मोडताना बघणं ही या कादंबरीची खरी जखम आहे. मार, उपास, थंडी हे सगळं माणूस सोसतो. पण बाप पोराच्या नजरेतून उतरतो तेव्हा ते घर आतून पडतं.

मिखाएल हे रडत सांगत नाही, आणि त्याचं मोठेपण मला इथेच वाटतं. कुणाला दया यावी म्हणून तो एक ओळ लिहीत नाही. तो हिशेब मांडतो. वहीत जमाखर्च लिहितात तसा. इतकं घेतलं, इतकं दिलं, बाकी तुमच्याकडे. दया मागणारं साहित्य शेवटी मालकाचंच साहित्य असतं. मालक ते वाचतो, डोळे पुसतो आणि हलका होतो. हिशेब मागणारं साहित्य वाचून मालक हलका होत नाही. तो म्हणतो, हे कलात्मक नाही.

कादंबरीची दुसरी बाजू म्हणजे १९६७ चं युद्ध. छावणीतलं पोरपण आणि युद्धातला जवान, असं मागेपुढे जात ती चालते. डेव्हिड मोठा झालाय, एका अश्केनाझी मुलीशी लग्न केलंय, सैन्यात गेलाय. आता बघा डाव कसा टाकलाय. शाळेत सारखा नाही, नोकरीत सारखा नाही, सासऱ्याच्या घरात सारखा नाही. पण गोळीसमोर? तिथे एकदम सारखा. मरायच्या रांगेत कुणी जात विचारत नाही. परत आल्यावर पुन्हा विचारतात. राष्ट्र नावाच्या गोष्टीला गरिबाचं रक्त चालतं, गरिबाची सोयरीक चालत नाही. हे वाक्य कादंबरीत कुठे भाषण म्हणून येत नाही, तिच्या रचनेतूनच ते निघतं. प्रचारकी प्रचारकी म्हणून ओरडणाऱ्यांनी हे वाचावं. रचना म्हणजे काय ते या पाणी मोजणाऱ्या माणसाला बरोबर कळलेलं आहे.

याच्या आधी एकाने वाट पाडली होती, त्याचंही नाव घेतलं पाहिजे. शिमोन बलास. तोही बगदादचा, तोही कम्युनिस्ट. त्याची 'हामाबारा' ही कादंबरी १९६४ साली आली. मालकांच्या टीकाकारांनी या सगळ्या लिखाणाला एक पाटी लावून टाकली, 'माबारा साहित्य'. पाटी दिसायला सोयीची. पण पाटी लावली की काय होतं? ते पुस्तक 'साहित्य' या मोठ्या घरातून उचलून बाजूच्या खोलीत ठेवता येतं. मग त्याला 'सामाजिक दस्तऐवज' म्हणता येतं. दस्तऐवजाला दाद द्यावी लागत नाही, तो फायलीत लागतो. किबुत्झवर वाढलेल्या अश्केनाझी पोराच्या मनाची घालमेल म्हणजे माणसाची घालमेल, आणि छावणीतल्या पोराची घालमेल म्हणजे छावणीची माहिती! या वाटणीला समीक्षा म्हणत नाहीत. ही वतनदारी झाली. मित्रांनो, ही पाटी आपल्या ओळखीची आहे, म्हणून जास्त सांगत नाही. मात्र पाटी नाकारायची म्हणून छावणी नाकारायची, हा आणखी एक सापळा आहे. मिखाएल त्यात पडला नाही. त्याने १९७९ साली पोरांसाठी पत्र्याच्या खोपटांवरच आणखी एक पुस्तक लिहिलं. छावणी सोडली नाही, आणि छावणीतच अडकूनही राहिला नाही.

आता भाषेचा मुद्दा. इथे आपल्या लिहिणाऱ्या पोरांनी कान द्यावा.

मिखाएलने अरबीतून हिब्रूत यायला पंधराएक वर्षं घेतली. अरबीत तो छापून आलेला लेखक होता. हिब्रूत तो अंगठेबहाद्दरासारखा सुरुवातीला उभा राहिला. आणि गंमत अशी की बोलण्यातली हिब्रू कुणाची खरी? जुन्या हिब्रूत 'हेत' आणि 'आयिन' ही अक्षरं घशातून काढायची. इराकी, येमेनी ज्यू ती बरोबर काढायचे, कारण अरबीतही तसेच आवाज आहेत. युरोपातून आलेल्यांना ती निघत नव्हती. पण राज्य त्यांचं. म्हणून ज्यांना अक्षर नीट काढता येत नाही त्यांचा उच्चार शुद्ध ठरला आणि ज्यांना येतं त्यांचा उच्चार गावंढळ! रेडिओवर, शाळेत, नाटकात त्याच गावंढळपणाची टवाळी. शुद्ध-अशुद्ध व्याकरण ठरवत नसतं, खुर्ची ठरवते. याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

या भाषेत लिहायचं की नाही? एकजण म्हणेल, मालकाची भाषा आहे, थुंका तिच्यावर. मिखाएलने तसं केलं नाही. तो शिकला, आणि शिकून त्याच भाषेत बगदादचं अंगण आणलं, वादीतला अरबी बाजार आणला. आणि त्याने आणखी एक काम केलं जे मला कादंबरीइतकंच मोठं वाटतं. इजिप्तच्या नगीब महफूझची कैरोवरची तीन कादंबऱ्यांची मालिका त्याने अरबीतून हिब्रूत आणली. महफूझला नोबेल मिळालं १९८८ साली. मिखाएलने काम हातात घेतलं ते त्याच्या कितीतरी आधी. ज्या भाषेला तिथे शत्रूची भाषा म्हणत होते, तिच्यातली माणसं त्याने हिब्रू वाचकाच्या घरात जेवायला बसवली. आणि हे करणारा कोण? त्याची बहीण नादिया ही एली कोहेनची बायको. इस्रायलचा हेर म्हणून १९६५ साली दमास्कसला ज्याला जाहीर फाशी दिली तो एली कोहेन. घरात असं मरण झालेलं असतानाही या माणसाने अरबी भाषेवर राग धरला नाही. सरकार आणि भाषा यांतला फरक त्याला कळत होता.

कादंबरी १९७४ ला आली, पण ती काही आभाळातून पडली नाही. तिच्या आधी रस्ता तापलेला होता. १९५९ च्या जुलैत हैफातल्या वादी सालिबमधे पोलिसांच्या गोळीने उत्तर आफ्रिकेतून आलेला एक ज्यू जखमी झाला आणि वस्ती पेटली. १९७१ साली यरुशलेमच्या मुसरारा वस्तीत सादिया मार्सियानो, चार्ली बिटोन अशा पोरांनी संघटना काढली. नाव ठेवलं 'ब्लॅक पँथर्स'. हे नाव १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या काळ्या पोरांनी जगाला दिलेलं. आणि १९७२ साली तेच नाव मुंबईत कुणी घेतलं ते या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. तीन देश, तीन वस्त्या, पण जनावर एकच. पंतप्रधान गोल्डा मेयर या पोरांना भेटल्या आणि नंतर म्हणाल्या की ही काही चांगली पोरं नाहीत. चांगली! १९७२ च्या मार्चमधे या वाईट पोरांनी यरुशलेमच्या श्रीमंत वस्तीतल्या दारांपुढच्या दुधाच्या बाटल्या उचलल्या आणि गरीब वस्तीत वाटल्या. मिखाएलची कादंबरी या वातावरणात वाचली गेली. त्याने पँथरांसाठी पत्रक लिहिलेलं नाही. पण पोरांनी रस्त्यावर जो प्रश्न विचारला त्याची वीस वर्षांची मागची गोष्ट त्याने लिहून ठेवली. रस्त्यावरचा माणूस घोषणा देतो, कादंबरीकार ती घोषणा कुठून आली ते सांगतो. दोघांचं काम वेगळं आहे आणि दोघांनी एकमेकांना शहाणपण शिकवू नये.

यात मराठी माणूसही आहे, हेही सांगून टाकतो. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपले लोक शनवार तेली म्हणायचे, तेही त्या देशात गेले. मराठी बोलणारे, कुलाब्याच्या गावांची आडनावं लावणारे. रंगाने काळे म्हणून तिथे जी वागणूक मिळाली तिला कंटाळून १९५१-५२ साली काही कुटुंबांनी धरणं धरलं आणि ती मुंबईला परत आली. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फतवा काढला की यांच्याशी लग्न लावण्याआधी यांच्या आईची, आजीची पिढी तपासा, हे पुरते ज्यू आहेत का बघा. रक्त तपासायची ही हौस! १९६४ साली या लोकांनी यरुशलेमला धरणं धरून बसून सरकारला झुकवलं आणि त्यांच्या संसदेला ठराव करावा लागला की हे पूर्ण ज्यू आहेत. हजार वर्षं तेल गाळत शनवार पाळला त्याचा दाखला यांना संसदेकडून घ्यावा लागला. 'सारखे आणि जास्त सारखे' हे नाव यांनाही तंतोतंत लागू आहे.

इथवर वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल, झालं, आपल्यासारखाच एक दबलेला लेखक, करा त्याचा जयजयकार. थांबा. खरी गोष्ट याच्या पुढे आहे.

वादी सालिबमधली ती घरं कुणाची होती? १९४८ च्या आधी तिथे अरब राहत होते. ते युद्धात गेले, घरं रिकामी झाली, त्यात मोरोक्कोहून आलेले गरीब ज्यू भरले. म्हणजे दबलेल्या माणसाच्या पायाखाली आणखी एकजण आहे. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वर लाथ खातो तो खाली लाथ मारून समाधान मानतो, म्हणूनच सगळी उतरंड टिकते. मिझराहींच्या बाबतीत तिथे हेच झालं. आपण अरब नाही हे दाखवायला कितीतरी मिझराही अरबांच्या विरोधातले सगळ्यात कडवे झाले. मिखाएलची परीक्षा इथे आहे. आपल्या जखमेवर कोण लिहीत नाही? आपल्या पायाखाली कोण आहे ते बघतो का, हा सवाल.

मिखाएल बघतो. १९७७ ची 'हासूत', इंग्रजीत 'रेफ्यूज', म्हणजे 'आसरा'. काळ १९७३ च्या युद्धाचा, गाव हैफा. मार्दुख हा इराकचा ज्यू कम्युनिस्ट, तिकडच्या तुरुंगात हाल सोसून आलेला. त्याला लढाईवर बोलावतात. मागे बायको शूला. पक्षातला अरब कवी फत्ही याला पकडतील म्हणून पक्ष त्याला शूलाच्या घरी लपवायला सांगतो. नवरा अरबांशी लढायला गेलाय आणि घरात अरब लपलाय. पक्षाच्या बैठकीत सगळे कॉम्रेड, सगळे भाऊ. पण दार बंद झाल्यावर? शूलाला भीती वाटते. फत्हीच्या मनातही मालकिणीच्या घरात असल्याचा सल आहे, आणि पुरुषाचा माजही आहे. घोषणेतली एकी आणि स्वयंपाकघरातली एकी यांच्यात किती अंतर आहे ते हा माणूस मोजतो, आणि मोजताना कुणालाच सूट देत नाही, स्वतःच्या जुन्या पक्षालाही नाही. आपल्या सगळ्या डाव्या मित्रांनी ही कादंबरी वाचावी असं मी म्हणेन.

तरी दोष आहेत, ते लपवायचे नाहीत. 'आसरा'मधे माणसं फार बोलतात. दोन-दोन पानं वाद चालतो आणि वाचताना वाटतं की लेखक पक्षातून बाहेर पडला खरा, पण बैठक अजून त्याच्या डोक्यातून उठलेली नाही. काही पात्रं माणूस म्हणून येतात आणि भूमिका म्हणून जातात.

१९८७ च्या 'वादीतली तुतारी'त हे बोलणं कमी झालंय. हुदा ही हैफाच्या वादीतली ख्रिस्ती अरब मुलगी. गोष्ट ती स्वतः सांगते. गच्चीवरच्या खोलीत ॲलेक्स हा रशियातून आलेला ज्यू पोरगा भाड्याने येतो, तुतारी वाजवतो. दोघांचं जमतं. पुढे १९८२ च्या लेबनॉनच्या युद्धात ॲलेक्स मरतो आणि तिच्या पोटात त्याचं मूल आहे. इथे दोन भांडणं उभी राहतात.

पहिलं भांडण असं. ज्यू पुरुषाने अरब बाईच्या तोंडून 'मी' म्हणायचं का? आपल्याकडेही हा वाद जुना आहे. ज्याने सोसलं त्यानेच लिहावं, बाकीच्यांनी गप्प बसावं. मला हा वाद अर्धा पटतो. ज्याने कधी दार ठोठावून अपमान घेतला नाही त्याने अपमानाचं नाटक करू नये, हे बरोबर. पण मिखाएल वादीत भाडेकरू म्हणून राहिला, अरबीत विचार केला, अरबीत लिहिलं, त्याच माणसांच्या पंगतीला जेवला. हुदाच्या घरातलं बोलणं, भांडण, आजोबांच्या थापा, बहिणीच्या लग्नाची काळजी, हे खोटं वाटत नाही. अनुभव जातीच्या दाखल्यावर मिळत नसतो. तो सोबत राहून, किंमत मोजून मिळतो. मात्र किंमत मोजली का, हे वाचकाने विचारलंच पाहिजे. सहानुभूती फुकट मिळते, म्हणून तिला बाजारात भाव नसतो.

दुसरं भांडण जास्त मोठं. ॲलेक्स मेला का? मला वाटतं लेखकाने त्याला वेळेवर मारला. जगला असता तर लग्न झालं असतं, मग पोराचं नाव काय, शाळा कुठली, सण कुठला, सैन्यात जाणार की नाही, हे सगळं लिहावं लागलं असतं. मरणाने प्रेम पवित्र होतं आणि प्रश्न मिटतो. आंतरजातीय प्रेमाच्या आपल्याकडच्या कथांतही एकजण शेवटी मरतोच, म्हणजे लेखक आणि समाज दोघेही सुटतात. मिखाएलसारख्या हिशेबी माणसाने इथे हिशेब अर्धा सोडला, ही माझी तक्रार आहे. पोट वाढत असलेली हुदा शेवटी एकटी उभी राहते, तो प्रश्न खरा आहे. पण उत्तराची जबाबदारी लेखकाने युद्धावर ढकलली. २००५ साली त्याने 'ट्रॅफलगारची कबुतरं' लिहिली. पॅलेस्टिनी लेखक घसान कनफानीच्या हैफाला परतण्याच्या गोष्टीला हे त्याचं उत्तर. १९४८ साली मागे राहिलेलं अरबाचं लेकरू ज्यूंच्या घरात वाढतं, ती गोष्ट. कनफानीला १९७२ साली बैरूतमधे गाडीत बॉम्ब ठेवून मारलं होतं. मेलेल्या प्रतिपक्षाशी तेहतीस वर्षांनी बोलायला बसणं, हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे.

शेवटचं पुस्तक, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसाचं, 'व्हिक्टोरिया', १९९३. ही बगदादच्या एका ज्यू बाईची गोष्ट, आणि तिला लेखकाच्या आईच्या आयुष्याचा आधार आहे. एका अंगणाभोवती खोल्या, त्यात सगळा गोतावळा. बाप अझुरी, आई नाजिया, चुलतभाऊ आणि नवरा राफाएल, देखणा आणि बायांच्या मागे लागणारा. गरिबी, मारहाण, आडदांड पुरुष, एका खोलीत सगळ्यांच्या देखत उरकलेले संसार, घरातल्याच पोरींवर पडणारे हात. पोरगी जन्मली की तोंडं पडतात. हे पुस्तक खूप खपलं आणि इराकी ज्यूंमधलेच लोक चिडले. आपली अब्रू घालवली म्हणाले. बगदादमधे आम्ही कसे सुसंस्कृत होतो, किती डॉक्टर-वकील होतो ते सांगायचं सोडून हे काय काढलंस?

दोस्तहो, हा मुद्दा सगळ्यात जवळचा आहे. वरच्या लोकांनी आपल्याला घाण म्हटलं की आपल्यातला एखादा उठतो आणि सांगतो, नाही, आम्ही फार स्वच्छ होतो. त्या सांगण्यात घरातली बाई गडप होते. तिचा मार गडप होतो. समाजाची अब्रू राखायची म्हणून तिचं तोंड बंद. मिखाएल म्हणतो, मालकाला दाखवायला मी लिहीत नाही. डीडीटी फवारणाऱ्याने आम्हाला घाण समजलं, तो गुन्हा त्याचा. त्या गुन्ह्याचा हिशेब मी १९७४ ला मागितलाय. पण अंगणात जो गुन्हा झाला तो आमचा. तोही मीच लिहिणार, कारण दुसऱ्याने लिहिला तर तो शिवी म्हणून लिहील आणि मी लिहिला तर व्हिक्टोरिया माणूस म्हणून उभी राहील. आणि ती राहते. सगळं सोसून, छावणीही भोगून, म्हातारी होईपर्यंत जगलेली ही बाई कुणाच्याही दयेला पात्र वाटत नाही. तिच्याविषयी आदर वाटतो, क्वचित भीतीही वाटते.

२००१ साली मिखाएल त्यांच्याकडच्या नागरी हक्क संघटनेचा अध्यक्ष झाला. सरकारच्या विरोधात बोलत राहिला. त्याला तिथे बक्षिसं मिळाली तशा शिव्याही मिळाल्या. दोन्ही घेऊन तो लिहीत राहिला.

मी ही कादंबऱ्यांची यादी का दिली? परदेशी नावांनी अंक भरायला नव्हे. आपण लिहितो तेव्हा मालकाकडे बोट दाखवायला शिकलोय, ते चांगलं शिकलोय आणि सोडायचं नाही. पण त्या एका बोटावर आयुष्यभर साहित्य चालत नाही. मिखाएलने वर बोट दाखवलं, खाली पायाखाली बघितलं आणि मागे वळून स्वतःच्या घराचं दार उघडलं. वरचं दाखवायला धैर्य लागतं, टाळ्याही मिळतात. खालचं आणि आतलं दाखवायला टाळ्या मिळत नाहीत, आपलीच माणसं तोंड फिरवतात.

तेव्हा पुढच्या अंकासाठी कविता, कथा पाठवणाऱ्यांनी एवढं बघावं. तुमच्या लिखाणात तुमच्या खालचा माणूस कुठे आहे? भटका, पारधी, मैला उचलणारा, नाक्यावर उभा राहणारा परगावचा मजूर. आणि तुमच्या घरातली बाई कुठे आहे? ती फक्त माउली म्हणून पाया पडायला आहे, की तिलाही काही बोलायचंय? नसेल जागा तर कागद परत घ्या आणि जागा करा.